फुटलेल्या ताऱ्याच्या मागे काय उरतं? (औंढ्याच्या लायगोच्या निमित्ताने)

गोदाकाठ

औंढा नागनाथला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, येणार म्हटल्यापासून हिंगोली-परभणीत एक प्रश्न ठरलेला आहे: ‘एवढे पैसे घालून तिथं दिसणार काय?’ एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं २६०० कोटींना मंजुरी दिली, तेव्हापासून तर तो चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. खरं उत्तर असं की दिसणार काहीच नाही. मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशालाच जो हिसका बसतो, तो तिथं मोजायचाय. पण मेलेला तारा म्हणजे काय हेच माहीत नसेल तर असलं उत्तर ऐकून माणूस चहा पिऊन निघून जातो. म्हणून आधी तेवढं लिहितो.

सूर्याच्या पंचवीसपट जड तारा घ्या. त्याच्या आयुष्याचा हिशोब बघण्यासारखा आहे. हायड्रोजन पुरतो सत्तर लाख वर्षं. हीलियम पाच-सात लाख. कार्बन सहाशे वर्षं. निऑन वर्षभर. ऑक्सिजन सहा महिने. सिलिकॉन एक दिवस! शेवटी गाभ्यात लोखंड जमतं आणि तिथं गाडी अडते, कारण लोखंडाची अणुकेंद्रं एकत्र करून ऊर्जा मिळत नाही, पदरची घालावी लागते.

हा लोखंडी गाभा सूर्याच्या साधारण १.४ पट झाला, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेला टेकला, की स्वतःचा भार पेलू शकत नाही. हजारो किलोमीटरचा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांत दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात. उरतो न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याहून जास्त आणि व्यास वीस-पंचवीस किलोमीटर. लातूरहून निघालात तर औशाच्या आगेमागे संपला. त्यातल्या एका घनसेंटिमीटरचं वजन कित्येक कोटी टन.

वरचे थर मात्र बाहेर फेकले जातात. या स्फोटातली जवळजवळ नव्व्याण्णव टक्के ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात, आणि उरलेल्या टक्क्यातला थोडासाच भाग प्रकाश होतो. तेवढ्यावरही एक तारा काही आठवडे अख्ख्या दीर्घिकेशी स्पर्धा करतो. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठा मॅगेलॅनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेत असा तारा फुटला, तेव्हा प्रकाश वाढायच्या दोन-तीन तास आधी तीन प्रयोगशाळांना मिळून पंचवीसच्या आसपास न्यूट्रिनो सापडले होते. पंचवीस कण फक्त. पण गाभा कोसळतो हे त्यांनी पक्कं केलं.

आता पल्सार, म्हणजे ठरावीक वेळानं रेडिओ टिपके पाठवणारा, गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. गाभ्याची त्रिज्या शंभराहून जास्त पट कमी झाली, की फिरण्याचा वेग दहा हजारांहून जास्त पट वाढतो. चुंबकीय क्षेत्रही तसंच आवळलं जातं, पृथ्वीच्या लाख-कोटी पटीत जातं. चुंबकीय अक्ष आणि फिरण्याचा अक्ष एका रेषेत नसले, की ध्रुवांवरून निघालेले रेडिओ झोत आकाशात गरगरत राहतात. झोत आपल्यावरून गेला की एक टिपका. पुन्हा गेला की पुन्हा टिपका. झोत आपल्या दिशेला आलाच नाही तर तारा असूनही आपल्याला पत्ता नाही.

माझा मूळ मुद्दा पुढेच आहे. चित्रांमध्ये रंगीत ढग आणि त्याच्या मधोमध पल्सार अशी जोडी दाखवतात. प्रत्यक्षात ही जोडी फार थोडा काळ टिकते. ढग, म्हणजे सुपरनोव्हाचा (ताऱ्याच्या स्फोटाचा) अवशेष, काही दहा हजार वर्षांत पसरून आसपासच्या वायूत मिसळून जातो. पल्सार टिकटिकत राहतो एक-दोन कोटी वर्षं किंवा त्याहूनही जास्त. शिवाय स्फोट सगळीकडे सारखा होत नाही, त्यामुळे पल्सारला जन्मताच लाथ बसते आणि तो सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं घर सोडतो. आजवर तीन हजारांहून जास्त पल्सार सापडलेत. त्यातले आपल्या अवशेषासकट सापडलेले मोजके. बाकी सगळे बेवारस.

क्रॅब तेजोमेघानं आपल्याला चुकीची सवय लावलीय. तिथं सगळं एकाच जागी मिळतं: १०५४ सालचा स्फोट, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचा ढग आणि मधोमध सेकंदाला तीस फेऱ्या मारणारा, १९६८ मध्ये सापडलेला पल्सार. तो ढग चमकतो तेही पल्सारच्या जिवावर. पल्सारचं फिरणं रोज चाळीसच्या आत-बाहेर नॅनोसेकंदांनी मंदावतं. ऐकायला काहीच नाही. पण त्यातून सुटणारी ऊर्जा एक लाख सूर्यांहून जास्त भरते, आणि त्याच ऊर्जेनं पळणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना तो निळसर उजेड देतात. बाकीच्या बहुतेक अवशेषांना असला धनी नसतो.

लिहा मंडळी. शंका असतील तर विचारा.

हुरडापार्टी

मास्तर, भारी लिवलंय. आमच्याकडं या आठवड्यात रात्रीची लाईट हाय. हरभऱ्याला तुषार लावलाय, पाईप बदलायची वेळ येईपर्यंत बांधावर बसून वरच बघायलो. मृग निम्म्या रात्री डोक्यावर असतंय.

इचारायचं असं, गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय की आर्द्राचा तारा फुटणार, मग रात्रीचा दिवस व्हणार, दोन सूर्य दिसणार. आमचे चुलते म्हणले, आर्द्राच गेली तर पाऊस कुठून यायचा? मला उत्तर देता येईना.

गोदाकाठ

तुमच्या चुलत्यांचा प्रश्न मेसेजपेक्षा चांगला आहे.

मृगाच्या खांद्यावरचा तो तांबूस तारा फुटणार हे खरं, पण उद्या की लाख वर्षांनी ते कुणी सांगू शकत नाही. २०१९ च्या शेवटी तो एकदम मंद झाला तेव्हा जगभर अशीच बोंब उठली होती. त्यानं स्वतःच धूळ ओकली होती आणि पृष्ठभागाचा एक भाग थंड पडला होता, एवढंच. फेब्रुवारी २०२० नंतर गडी पूर्ववत. फुटला तर साधारण अर्ध्या चंद्राइतका उजेड देईल, काही आठवडे दिवसाही दिसेल. दुसरा सूर्य वगैरे काही नाही. पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं अंतर आहे, आपल्याला इजा नाही.

पावसाचं म्हणाल तर आपण ‘आर्द्रा निघाल्या’ म्हणतो ते जूनच्या २१-२२ तारखेला सूर्य त्या नक्षत्रात शिरतो म्हणून. तारा राहिला न राहिला, सूर्य त्या जागेवरून जाणारच आणि मान्सून आपल्या हिशोबानं येणार किंवा दडी मारणार. त्या दिवसांत आर्द्राचा तारा तसाही दिसत नाही, सूर्याच्या उजेडात असतो. चुलत्यांना सांगा, पेरणी वाहन बघून नका करू, ओल बघून करा.

हुरडापार्टी

औंदा वाहन बेडूक निघालं तर चुलते तुमचं ऐकणार नाहीत 😀

उदगीरची_लेक

छान धागा. एक भर घालते, कारण विद्यार्थी इथंच हमखास गोंधळतात. प्रत्येक सुपरनोव्हा गाभा कोसळूनच होतो असं नाही. दुसरा प्रकार श्वेतबटूचा. सूर्यासारखा तारा विझून श्वेतबटू झालेला असतो, त्याच्यावर जोडीदाराचा वायू पडत राहतो किंवा दोन श्वेतबटू एकमेकांत विलीन होतात. मग कार्बन एकदम पेट घेतो आणि अख्खा तारा उधळला जातो. मागे गाभा बिभा काही नाही. टायको या खगोलशास्त्रज्ञानं १५७२ मध्ये पाहिलेला तारा याच प्रकारचा. त्याच्या अवशेषात पल्सार शोधून उपयोग नाही, तो कधी नव्हताच.

आणि गाभा कोसळला तरी पल्सार दिसेलच असं नाही. कॅसिओपिया-ए बघा. अवशेष साडेतीनशे वर्षांचा, रेडिओत आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक. मध्ये काय आहे हे कित्येक वर्षं कळेना. १९९९ मध्ये चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण सुरू झाली आणि पहिल्याच चित्रात मधोमध एक ठिपका निघाला. न्यूट्रॉन तारा आहे, क्ष-किरणांत गरम दिसतो, पण टिकटिक नाही. म्हणजे सगळे न्यूट्रॉन तारे पल्सार म्हणून भेटत नाहीत, आणि मला तर हा भाग पल्सारपेक्षा जास्त रंजक वाटतो.

दुर्बिणीचं नाव आपल्या चंद्रशेखरांवरून आहे, हे सांगायला हवं का? सांगतेच.

निजामकालीन

१०५४ चा तारा चिन्यांनी नोंदवला. तेवीस दिवस भर दिवसा दिसला, रात्री जवळपास दोन वर्षं दिसला. बगदादच्या वैद्यानं, इब्न बुतलाननं लिहिलंय. मग आपल्याकडं काय सगळे झोपले होते का? त्या वेळी इथं कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य, पहिला सोमेश्वर गादीवर, म्हणजे राजधानी उदगीरहून हाकेच्या अंतरावर. ताम्रपटात ग्रहणं, संक्रांती, तिथी-वार सगळं बारकाईनं येतं. नवा तारा तेवढा येत नाही?

गोदाकाठ

हा प्रश्न जयंत नारळीकर आणि सरोजा भाटे यांनाही पडला होता, त्यांनी जुन्या संस्कृत साहित्यात शोध घेतला. निर्विवाद म्हणावी अशी नोंद काही हाती लागली नाही.

माझा अंदाज दोन गोष्टींचा आहे. तारा उगवला जुलैच्या सुरुवातीला, पहाटे पूर्वेला. तेव्हा आपल्याकडं आभाळ भरलेलं. पहिले तेवीस दिवस, म्हणजे जेव्हा तो दिवसा दिसत होता, ते पावसाळ्यातच गेले. दुसरं, ताम्रपटात ग्रहण येतं कारण ग्रहणात दान दिलं की पुण्य. ज्या गोष्टीवर दान द्यायची रीत नाही ती दगडावर किंवा तांब्यावर कोरायला पैसे कोण खर्च करणार? चीनच्या दरबारात आकाशातल्या प्रत्येक नवलाची नोंद करायला पगारी माणसं होती.

निजामकालीन

ढगांचं पटलं. पण पावसाळा संपल्यावरही तारा रात्री होताच की. दिवाळीत कुणाला दिसला नाही, हे पटत नाही. असो. शिलालेख अजून पुष्कळ वाचायचे राहिलेत. आशा सोडत नाही.

मांजरा

पल्सार सापडला त्याची गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. १९६७, केंब्रिज. जोसेलिन बेल नावाची संशोधक विद्यार्थिनी. साडेचार एकरात खांब आणि वायरी लावून रेडिओ दुर्बीण उभी केली, खांब ठोकायलाही ती होतीच. मग रोज तीसेक मीटर कागदावर पेनाची रेघ उमटायची आणि ती डोळ्यांनी वाचायची. संगणक नाही. त्यात तिला अर्ध्या सेंटिमीटरची एक विस्कटलेली जागा दिसली. हस्तक्षेपही वाटेना, ताराही वाटेना. ती जागा पुन्हा तिथंच, ताऱ्यांच्या वेळापत्रकानं येत होती. २८ नोव्हेंबरला कागद वेगानं पळवला तेव्हा टिपके वेगळे झाले: दर १.३३७ सेकंदाला एक. एवढं नियमित, की गमतीनं त्याला ‘छोटी हिरवी माणसं’ नाव दिलं.

१९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला, अँटनी ह्यूइशना मिळालं. तिला नाही. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं तर सगळेच्या सगळे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकले. पीएचडी करणाऱ्यांनी, आणि विशेषतः करवून घेणाऱ्यांनी, हे वाचून ठेवावं. जास्त बोलत नाही, माझा गाईड इथं असू शकतो.

उदगीरची_लेक

मांजरा 😂

आपल्या माणसाचंही सांगा मग. १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा पहिला मिलिसेकंद पल्सार सापडला. त्या शोधात डॉन बॅकर यांच्याबरोबर श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्म कुरुंदवाडचा. इतका वेगवान म्हणजे नवा असणार असं वाटेल, पण तो म्हातारा आहे. जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेत घेत त्याला पुन्हा वेग आलेला असतो. अवशेष तर केव्हाच विरून गेलेला. मूळ धाग्यातला मुद्दा इथं पुरता लागू.

पाणी_आधी

सगळं वाचलं. छान आहे. पण आमच्या तालुक्यात एप्रिलपासून टँकर चालतो. २६०० कोटीत किती गावांना पाणी आलं असतं? मेलेल्या ताऱ्याचा हिसका मोजून आमचा हंडा भरणार का?

गोदाकाठ

नाही भरणार. खोटं कशाला बोलू.

पण हे पैसे इकडं आले नसते तर टँकरचा प्रश्न सुटला असता, असंही मला दिसत नाही. टँकरचे पैसे वेगळ्याच वाटेनं जिरतात, हे आपण दोघंही जाणतो. मला लायगोकडून हंडा नकोय. हिंगोलीच्या पोरांना लेझर, निर्वात नळ्या, कंपनरोधक यंत्रणा यांचं काम घरापासून तासाभरावर मिळावं, हे हवंय. ते मिळालं नाही आणि सगळी माणसं बाहेरून आली, तर तुमच्या बरोबर मीही ओरडेन.

पाणी_आधी

ठीक. तेव्हा याच धाग्यावर भेटू.

पुनर्वसित

माझा प्रश्न थोडा वेगळा. आम्ही किल्लारी पट्ट्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी सात वर्षांचा होतो. त्यावर लिहायचं नाही. पण २०२४ मध्येही मार्चात आणि जुलैत हिंगोली-नांदेडकडं साडेचार तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. मग इतकं नाजूक यंत्र औंढ्यालाच का? आणि दुसरं, ताऱ्यांवरही भूकंप होतात असं वाचलं, ते खरं का?

गोदाकाठ

पहिल्याचं उत्तर: लायगोला त्रास मोठ्या पण क्वचित होणाऱ्या भूकंपाचा कमी, रोजच्या बारीक थरथरीचा जास्त. रेल्वे, महामार्ग, कारखाने, समुद्राच्या लाटा. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांना आरसे टांगलेले असतात आणि मोजायचा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान. मोठा भूकंप जगात कुठंही झाला तरी अमेरिकेतले लायगो काही वेळ बंद पडल्यासारखे होतात, मग पुन्हा जुळवतात. औंढ्याची निवड करताना ही रोजची शांतता मोजली गेली. समुद्रापासून लांब, मोठ्या उद्योगापासून लांब. आपल्याकडं कारखाने आले नाहीत याचा एकदाचा फायदा झाला म्हणा.

दुसऱ्याचं: होय, होतात. न्यूट्रॉन ताऱ्याला घट्ट कवच असतं. पल्सार एरवी हळूहळू मंदावतो, पण मधेच एकदम किंचित वेग घेतो. दक्षिण आकाशातल्या वेला पल्सारमध्ये हे १९६९ मध्ये पहिल्यांदा दिसलं, आणि साधारण दर तीन वर्षांनी होतं. वेग वाढतो दहा लाखांत एक-दोन भाग इतकाच. आधी वाटलं कवच तडकतं. आता बहुतेकांचं मत असं की आतला न्यूट्रॉनांचा द्रव, ज्याला घर्षणच नाही, तो जास्त वेगानं फिरत असतो आणि अधूनमधून आपला वेग कवचाला देऊन टाकतो.

खरा भयंकर प्रकार मॅग्नेटार नावाच्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा. त्यांचं चुंबकीय क्षेत्र नेहमीच्या पल्सारच्या शंभर ते हजार पट, आणि त्याच्या ताणानं कवच फुटतं. २७ डिसेंबर २००४ रोजी आपल्याच आकाशगंगेत, हजारो प्रकाशवर्षं दूर, एक मॅग्नेटार असा भडकला. सेकंदाच्या काही दशांशात सूर्याला लाख वर्षं लागतील त्याहून जास्त ऊर्जा सुटली, आणि त्यानं पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर हलवला. इतक्या लांबून.

पुनर्वसित

समजलं. धन्यवाद.

उदगीरची_लेक

आता लायगोचं आश्वासन पाळा, मास्तर. धाग्याच्या नावात ते आहे.

गोदाकाठ

पाळतो. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरतात तेव्हा गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावतात आणि जवळ येत जातात. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना अशी पहिली जोडी सापडली, पावणेआठ तासांत एक फेरी मारणारी. तिची कक्षा आइन्स्टाइनच्या गणितानुसारच आकसत होती. १९९३ चं नोबेल त्यावर. लहरी आहेत हे तेव्हा कळलं, पण त्या थेट पकडल्या नव्हत्या.

पहिल्यांदा थेट पकडल्या २०१५ मध्ये, त्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतल्या. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिळाल्या १७ ऑगस्ट २०१७ ला. तेरा कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळले, दोन लायगोंना स्पष्ट खूण मिळाली, इटलीतल्या व्हर्गो या तशाच यंत्राला जवळजवळ नाहीच (त्यावरूनही दिशा कळायला मदत झाली), १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. मग दिशा ठरवून जगभरच्या दुर्बिणी तिकडं वळल्या. नंतरच्या महिन्यांत खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही तो उजेड रेडिओत पाहिला. त्या टकरीत सोनं, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्यं तयार झाल्याची चिन्हं दिसली. लग्नसराईत सराफाकडं बसाल तेव्हा आठवा.

दिशा ठरवणं हेच औंढ्याचं मोठं काम. यंत्रं पृथ्वीवर जितकी लांब लांब, तितका आकाशातला संशयित तुकडा लहान. भारतातलं यंत्र जोडलं की तो बराच लहान होईल.

अजून एक गोष्ट शिल्लक आहे, तिची मला जास्त उत्सुकता. एकटा पल्सारसुद्धा पूर्ण गोल नसेल, त्यावर काही मिलिमीटरचा उंचवटा असेल, तर तोही सतत बारीक लहरी सोडेल. क्रॅबवर, वेलावर शोध चालू आहे. अजून मिळालेल्या नाहीत. न मिळणंही कामाचं आहे: तो पृष्ठभाग किती गुळगुळीत असला पाहिजे याची मर्यादा त्यातून ठरते.

नवा_चष्मा

क्रॅब स्वतः बघायचा असेल तर? आमच्याकडं शाळेची आठ इंची दुर्बीण कपाटात धूळ खात पडलीय. सर म्हणतात काचा खराब होतील, काढू नका.

गोदाकाठ

आधी सरांना चहा पाजा.

अमावास्येच्या आगेमागे, गावापासून लांब. जानेवारीत रात्री नऊ-दहाला तो जवळजवळ डोक्यावर असतो. रोहिणीचा तांबडा तारा शोधा, तिथून वृषभाची दोन शिंगं निघतात. मृगाच्या बाजूच्या शिंगाच्या टोकाला एक मध्यम तेजाचा तारा आहे. त्याच्यापासून अंशभर वायव्येला, कमी भिंगाची आयपीस लावून. लांबट, करडा, फुंकर मारल्यासारखा डाग दिसेल. रंग दिसणार नाहीत, पल्सार तर नाहीच. पोरांना हे आधीच सांगा, नाहीतर फोटोतलं बघायला येतात आणि हिरमुसतात. डोळा वीस-तीस मिनिटं अंधाराला सरावू द्या आणि मोबाईल सगळ्यांचे आधी जमा करा.

हुरडापार्टी

आन ते वेला म्हणलात ते आपल्याकडून दिसतंय का? पुढच्या आठवड्यात पुन्हा रात्रीचीच लाईट हाय.

गोदाकाठ

जागा दिसते. निम्म्या रात्रीनंतर दक्षिणेकडं तोंड करा, अगस्ती ओळखा, त्याच्या डावीकडं थोडं वर. आपल्याकडून क्षितिजापासून जास्तीत जास्त सत्तावीस अंश चढतो, त्यामुळे दक्षिणेला झाडं नकोत. तिथला अवशेष अकराएक हजार वर्षांचा आहे, इतका पसरलाय की नुसत्या डोळ्यानं काहीच कळत नाही, लांब एक्स्पोजरच्या फोटोतच धागे येतात. पल्सार सेकंदाला अकरा फेऱ्या मारतोय. तुषारचा एक पाईप बदलून होईपर्यंत त्याच्या काही हजार होतील.